चित्र उतरवायचं की खटला अंगावर घ्यायचा? (संग्रहालयं आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य)

नलिनी_ठाणे

आपल्याकडे चित्रावरून वाद पेटला की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. कुणीतरी तक्रार करतं, पोलीस येतात, दालनवाले निमूटपणे चित्र उतरवतात आणि चित्रकार एकटाच वकील शोधत फिरतो. ज्या संस्थेने निमंत्रणपत्रिका छापली, उद्घाटनाला पाहुणे बोलावले, कॅटलॉगमध्ये चार पानं कौतुक लिहिलं, ती या सगळ्यात कुठे असते? हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. म्हणून अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या एका खटल्याबद्दल सविस्तर लिहिते. तिथे आरोपी छायाचित्रकार नव्हता. आरोपी होतं कलादालन आणि त्याचा संचालक.

रॉबर्ट मेपलथॉर्प हा न्यूयॉर्कचा छायाचित्रकार. फुलं, व्यक्तिचित्रं, नग्न देह, सगळं स्टुडिओत, कडक प्रकाशात, एखादं शिल्प घडवावं तसं टिपलेलं. त्याच्या कामात समलिंगी पुरुषांच्या लैंगिक जगाची काही अत्यंत उग्र छायाचित्रंही आहेत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाही ती सहन झाली नव्हती, आजही सोपी जात नाहीत. मार्च १९८९ मध्ये एड्सने तो गेला, वय ४२. त्याच सुमारास त्याच्या १७५ छायाचित्रांचं प्रदर्शन अमेरिकेत गावोगाव फिरत होतं. फिलाडेल्फियाच्या एका संस्थेने ते भरवलं होतं आणि त्याला केंद्र सरकारच्या कलानिधीतून ३०,००० डॉलर मिळाले होते. फिलाडेल्फिया आणि शिकागोत लोक आले, बघून गेले.

मग पाळी आली वॉशिंग्टनच्या कोरकोरन गॅलरीची. सरकारी पैशातून असली कला का, म्हणून संसदेत आरडाओरडा सुरू झाला होता. कोरकोरनने जून १९८९ मध्ये, उद्घाटनाला काही आठवडे उरलेले असताना, प्रदर्शन रद्द केलं. कलानिधीला वादातून वाचवण्यासाठी हे करतोय असं त्यांचं म्हणणं होतं. वाचलं कुणीच नाही. निदर्शकांनी रात्री कोरकोरनच्याच भिंतीवर मेपलथॉर्पची छायाचित्रं प्रक्षेपित केली. इतर कलाकारांनी तिथली आपली प्रदर्शनं मागे घेतली. त्याच शहरातल्या एका लहान कलासंस्थेने ते प्रदर्शन भरवलं, तिथे गर्दी लोटली, आणि वर्ष संपायच्या आत कोरकोरनच्या संचालिकेला राजीनामा द्यावा लागला.

हे सगळं डोळ्यांसमोर असताना सिनसिनाटीच्या कन्टेम्पररी आर्ट्स सेंटरने ठरलेलं प्रदर्शन भरवायचंच ठरवलं. संचालक डेनिस बॅरी. शहर अतिशय सनातनी. तिथला शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, सायमन लीस याची सगळी कारकीर्द अश्लीलतेविरुद्धच्या खटल्यांवर उभी. गावातल्या एका संघटनेने महिनाभर आधीच मोहीम उघडली.

संस्थेने काय काय केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश बंद केला. शहरातल्या सगळ्या कलासंस्थांसाठी मिळून जो वर्गणीनिधी गोळा होई त्यातून स्वतःहून बाहेर पडली, म्हणजे आपल्यामुळे वाद्यवृंदाचे, नाट्यसंस्थेचे देणगीदार बिथरायला नकोत. उद्घाटनाच्या आधीच कोर्टात जाऊन ही छायाचित्रं अश्लील नाहीत असं जाहीर करून मागितलं (ते फेटाळलं गेलं). आणि ज्या छायाचित्रांवर बोट ठेवलं जात होतं त्यातलं एकही वगळलं नाही.

७ एप्रिल १९९० ला प्रदर्शन उघडलं. सकाळी ग्रँड ज्युरीचे (आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचे) सदस्य प्रेक्षकांमध्ये मिसळून बघून गेले. दुपारी पोलीस आरोपपत्र घेऊन आले, प्रेक्षकांना बाहेर काढलं, पुराव्यासाठी भिंतींचं चित्रीकरण केलं. बाहेर लोक घोषणा देत उभे होते. पोलीस गेले आणि दालन पुन्हा उघडलं. दुसऱ्या दिवशी केंद्रीय न्यायाधीशांनी पोलिसांना छायाचित्रांना हात लावायला मनाई केली. पुढच्या काही आठवड्यांत ८०,००० हून जास्त लोकांनी ते प्रदर्शन पाहिलं.

खटला सप्टेंबरअखेर उभा राहिला. १७५ पैकी ७ छायाचित्रांवर आरोप होता. पाच प्रौढ पुरुषांची, दोन लहान मुलांची (ही दोन त्यांच्या आईंच्या संमतीने काढलेली). न्यायाधीशांनी सांगितलं की उरलेली १६८ बघायची नाहीत, प्रत्येक छायाचित्र सुटं धरायचं. बचावाला हा मोठा धक्का होता. ज्युरीत चार पुरुष, चार बायका, बहुतेकांचा कलादालनांशी फारसा संबंध नाही. सरकारी वकिलाचा पवित्रा साधा होता: फोटो समोर ठेवतो, तुमचे डोळे काय सांगतात ते बघा.

बचावाने इतर संग्रहालयांचे संचालक आणि क्युरेटर साक्षीला आणले. त्यांनी ज्युरीला अक्षरशः शिकवलं. प्रकाश कुठून येतो, चौकटीत देह कुठे ठेवलाय, याच माणसाच्या फुलाच्या छायाचित्रात आणि या छायाचित्रात एकच नजर कशी आहे. आठवडाभर कोर्टाचा वर्ग झाला. अमेरिकन कायद्यात एखादी गोष्ट अश्लील ठरायला १९७३ पासूनच्या तिन्ही कसोट्या लागू पडाव्या लागतात, आणि तिसरी कसोटी अशी की तिच्यात गंभीर कलात्मक मूल्य नसावं. पहिल्या दोन कसोट्यांवर (कामवासना चाळवणं आणि उघडउघड किळसवाणं असणं) ही छायाचित्रं बहुधा अश्लीलच, असं ज्युरीतल्या लोकांनाही वाटत होतं. तिसरीवर ते अडले. एकाने नंतर पत्रकारांना सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की पिकासो मला आवडत नाही, पण ज्यांना कळतं ते सगळे त्याला कलावंत म्हणतात, तेव्हा मला ते मानलं पाहिजे. ५ ऑक्टोबर १९९० ला, साधारण दोन तासांच्या चर्चेनंतर, बॅरी आणि संस्था दोघेही निर्दोष सुटले. बॅरीला वर्षभराचा तुरुंग होऊ शकला असता.

ज्याला ते फोटो किळसवाणे वाटले तोच माणूस ‘निर्दोष’ म्हणतो, हे मला फार मोठं वाटतं. आणि ते शक्य झालं कारण त्या छायाचित्रांच्या बाजूने कोर्टात बोलायला एक संस्था हजर होती. मेपलथॉर्प तर हयातही नव्हता.

आपल्याकडे एखाद्या कलासंस्थेने असा खटला स्वतःच्या अंगावर घेतल्याचं उदाहरण कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा.

अरुणोदय
*जनतेचा पैसा*

नलिनीताई, लेख मन लावून वाचला. चांगली माहिती आहे. पण मला मूळ भूमिकाच पटत नाही.

खाजगी दालनात कुणी काहीही लावावं, ज्याला बघायचंय तो बघेल. संग्रहालय मात्र माझ्या-तुमच्या करातून चालतं. माझी आई रोज देवीची पूजा करते. तिच्या देवीचं विटंबन वाटेल असं काही तिच्याच पैशातून भिंतीवर लागावं आणि वर तिलाच ‘तुम्हाला कला कळत नाही’ असं ऐकवावं, हा कुठला न्याय? संस्थेला स्वातंत्र्य हवं असेल तर संस्थेने सरकारी अनुदान घेऊ नये. हे मी रागाने लिहीत नाही, मला खरंच असं वाटतं.

मेघना_एडिसन
*Re: जनतेचा पैसा*

अरुणोदय, तुमचा मुद्दा जसाच्या तसा न्यूयॉर्कमध्ये कोर्टात गेला होता. ब्रुकलिन म्युझियम, १९९९. तरुण ब्रिटिश कलाकारांचं प्रदर्शन होतं, त्यात ख्रिस ओफिलीचं कुमारी मेरीचं चित्र. तेव्हाचे महापौर रूडी जुलियानी यांनी चित्र प्रत्यक्ष न बघताच जाहीर केलं की हे प्रदर्शन रद्द करा, नाहीतर शहराचं वर्षाचं सुमारे ७० लाख डॉलरचं अनुदान बंद. पुढे तर शहराच्या मालकीच्या इमारतीतून संग्रहालयाला हुसकावण्याचा दावाही लावला. संचालक आर्नल्ड लेमन यांनी प्रदर्शन रद्द करायच्या ऐवजी संग्रहालयातर्फे शहरावरच दावा ठोकला.

१ नोव्हेंबर १९९९ ला न्यायाधीश नीना गर्शन यांनी संग्रहालयाच्या बाजूने मनाई हुकूम दिला. सूत्र असं: सरकारने कुठल्याही संस्थेला पैसे दिलेच पाहिजेत असं नाही. पण एकदा एखाद्या संस्थेला चालवायला पैसे देऊ लागलात, की तिने मांडलेला एक विचार आवडला नाही म्हणून शिक्षा म्हणून ते काढून घेता येत नाहीत. कर तुमच्या आईंचा आहे, तसा ते चित्र बघायला रांगेत उभ्या असलेल्यांचाही आहे. महापौराच्या रागाला तो एकट्याच्या खिशातला पैसा म्हणून वापरता येत नाही.

मी ते प्रदर्शन पाहिलंय. नवीनच इकडे आले होते. वर्तमानपत्रं वाचून मला वाटलं होतं की चित्रावर शेण फेकलंय. प्रत्यक्षात आठ फूट उंच, सोनेरी-पिवळं झळाळतं चित्र. निळ्या वस्त्रातली काळी मेरी. हत्तीच्या शेणाचा एक वाळलेला, चकचकीत गोळा तिच्या उरावर, आणि भिंतीवर न टांगता आणखी दोन गोळ्यांवर अख्खं चित्र टेकवून ठेवलेलं, त्यावर रंगीत टाचण्यांनी तिचं नाव लिहिलेलं. भोवती मासिकांतून कापलेले नग्न देहांचे तुकडे फुलपाखरांसारखे. पुढे पारदर्शक काच आणि एक रखवालदार. सारवलेल्या अंगणात वाढलेल्या मला त्या शेणात अपमान दिसला नाही. ओफिली स्वतः कॅथलिक घरातला. शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्क बाईंना मात्र ते दुखलं असावं, त्या क्रॉसची खूण करून पुढे गेल्या. दोघींनाही तिथे उभं राहता आलं, हे संग्रहालयाने जपलं.

एक काळी बाजूही सांगते. त्या सगळ्या कलाकृती चार्ल्स साची या एका संग्राहकाच्या, आणि त्याने प्रदर्शनाला मोठी रक्कम दिली होती, जी संग्रहालयाने आधी झाकून ठेवली. आपल्याच मालाची किंमत वाढवायला कुणी संग्रहालय वापरतंय का, हा प्रश्न रास्त होता. सरकारपुढे ताठ उभी राहणारी संस्था पैसेवाल्यापुढे वाकत असेल तर तिच्या शब्दाचं वजन कमी होतं, आणि कोर्टात तिला तेच वजन लागतं.

सुहास_मिरज

मेघनाताई, प्रतिसाद आवडला. पैशाचा मुद्दा वेगळ्या धाग्याच्या योग्यतेचा आहे.

वकील_गारखेडा
*आपल्याकडचा कायदा*

नलिनीताईंनी उदाहरण विचारलंय. आधी कायदा थोडक्यात सांगतो, कारण दालनवाले का घाबरतात ते त्यातून कळेल. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २९२ (आता न्याय संहितेत २९४) अश्लील वस्तू विकणाऱ्याला जसं पकडतं तसंच ती सार्वजनिकरीत्या मांडणाऱ्यालाही पकडतं. म्हणजे भिंतीवर चित्र लावणारी संस्था थेट आरोपी होऊ शकते. पण त्याच कलमात अपवादही आहे: कला, साहित्य, विज्ञान यांच्या हितासाठी, लोकहिताची म्हणून जी गोष्ट समर्थनीय ठरते ती गुन्हा नाही. प्राचीन स्मारकांतली आणि मंदिरांतली शिल्पं तर वेगळी वगळलेलीच आहेत. हा अपवाद सिद्ध करायला पुरावा लागतो. आणि कलेचा पुरावा संग्रहालयाकडे असतो तेवढा कुणाकडेच नसतो.

आता उदाहरण. १९५४, मुंबई, जहांगीर आर्ट गॅलरी. अकबर पदमसी, वय २६, पॅरिसहून परतलेला, आणि त्याची ‘लव्हर्स’ नावाची दोन चित्रं. पोलिसांनी ती उतरवायला सांगितली. त्याने नकार दिला. अटक, खटला, आणि अखेर निर्दोष. भारतीय कलाविश्वात हा खटला मानाने सांगितला जातो आणि तो मान खराच आहे, पण आरोपीच्या जागी उभा होता तो चित्रकार.

पुढचा भाग जास्त बोलका आहे. पदमसी २०२० मध्ये गेले. त्यांची आणि आपल्या गोव्याच्या फ्रान्सिस न्यूटन सूझांची मिळून सात कामं परदेशातल्या लिलावांत विकत घेऊन मुंबईत आणली गेली, तर सीमाशुल्क खात्याने ती अश्लील म्हणून जप्त केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. नग्नता म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, आणि अधिकाऱ्याचं वैयक्तिक मत म्हणजे कायदा नव्हे, हा त्याचा गाभा. १९५४ ते २०२४. सत्तर वर्षांनी त्याच चित्रकाराच्या बाबतीत तोच वाद, आणि कोर्टात गेला कोण? चित्रं विकत घेणारी एक खाजगी कंपनी.

पंढरीचा_नामा

वकीलसाहेब, हुसेनसाहेबांचं नाव राहिलं.

मी पंढरपूरचा. मकबूल फिदा हुसेन आमच्या गावात जन्मले, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. शाळेत कुणी सांगितलं नाही. त्यांच्यावर देशभर खटले झाले. ८ मे २००८ ला दिल्ली उच्च न्यायालयात न्या. संजय किशन कौल यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, त्यात नव्वदीतल्या माणसाला आपल्या घरी बसून चित्रं काढता आली पाहिजेत अशी कळकळ आहे. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत पहिला मोठा कलामेळा भरला, तिथे हुसेनांचं एकही चित्र लावायचं नाही असं आयोजकांनी ठरवलं. निकाल हातात असताना! ‘सहमत’ या संस्थेने निषेध म्हणून त्यांच्या चित्रांच्या प्रतिमांचं वेगळं प्रदर्शन मांडलं, तर त्याची तोडफोड झाली.

२०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं, २०११ मध्ये लंडनमध्ये वारले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या नावाचं आख्खं संग्रहालय दोहात उघडलं. पंढरपूरच्या माणसाचं! कतारमध्ये बोलायला मोकळीक आहे असं कुणी म्हणणार नाही, त्यामुळे मला त्याचा निखळ आनंदही होत नाही. पण चित्रं भिंतीवर आहेत. कोर्टात जिंकलेलं स्वातंत्र्य भिंतीवर चढवायची हिंमत आपल्या संस्थांना झाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दादरचा_फ्रेमवाला
*आतून पाहिलेलं*

मी अनेक वर्षं दालनांत चित्रं टांगायचं काम करतो. मुंबईतल्या एका दालनाचं सांगतो, नाव घेत नाही.

चार जणांचं एकत्र प्रदर्शन होतं. उद्घाटनाच्या आदल्या रात्री मालकांना फोन आला. कुणाचा ते आम्हाला सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाले की ते मधलं काढ. मधलं चित्र एका बाईचं होतं, कपाळभर कुंकू आणि कमरेच्या वर उघडी. मी उतरवून मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मग खरं काम सुरू झालं. तिथे मोठी मोकळी जागा दिसत होती. दोन्ही बाजूंची चित्रं सहा-सहा इंच आत सरकवली, जुन्या खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवली, वर रंगाचा हात मारला, दिव्यांची तोंडं फिरवली. नावाच्या पट्ट्यांवरचे आकडे बदलून पुन्हा छापले. कॅटलॉगच्या त्या पानावर स्टिकर लावला. सकाळी चित्रकार आली तर तिलाच क्षणभर कळलं नाही.

पोलीस आले नव्हते. तक्रार झाली नव्हती. कुठल्याही पेपरात एक ओळ आली नाही. तुम्ही लोक जे खटले मोजता ते सगळे जाहीर झालेले. असे पुट्टीने बुजवलेले किती असतील याचा हिशोब कुठेच नाही.

मला तेव्हा आणि आताही वाटतं, की काढायचंच होतं तर जागा रिकामी ठेवायची होती. खाली नावाची पट्टी तशीच. आलेल्या माणसाने विचारलं असतं.

नलिनी_ठाणे

फ्रेमवाले दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तुमच्या रिकाम्या जागेवरून मॉस्कोचं सखारोव्ह केंद्र आठवलं. २००७ मध्ये तिथे एक प्रदर्शन झालं: आदल्या वर्षी मॉस्कोच्या वेगवेगळ्या संग्रहालयांनी आणि दालनांनी आतल्या आत नाकारलेल्या कलाकृती एकत्र करून मांडल्या. त्याही थेट नाही. पुढे खोट्या भिंती उभ्या केल्या आणि त्यात उंचावर लहान भोकं ठेवली. ज्याला बघायचंय त्याने चढून भोकाला डोळा लावायचा. भावना दुखावल्याचा दावा करायलाही आधी मुद्दाम डोकावावं लागत होतं.

तरी खटला झाला. केंद्राचे संचालक युरी समदूरव आणि क्युरेटर आंद्रेई येरफेयेव यांना २०१० मध्ये दोषी ठरवून अनुक्रमे २ लाख आणि दीड लाख रूबल दंड झाला. समदूरव यांना आधीच्या एका प्रदर्शनासाठी २००५ मध्येही दंड झालेला होता. २०२३ मध्ये त्या केंद्राला इमारतीतून बाहेर काढलं, आणि नंतर कोर्टाने संस्थाच बरखास्त केली. सिनसिनाटीसारखा शेवट सगळीकडे होत नाही, हे मला मान्य आहे.

शिरीष_नागोया
*जपानमधला अनुभव*

मी नागोयात नोकरी करतो. इथे आयची त्रैवार्षिक कलामहोत्सव भरतो, २०१९ मध्ये त्यात एक छोटं दालन फक्त अशा कलाकृतींचं होतं ज्या जपानमधल्या सार्वजनिक संग्रहालयांनी पूर्वी काढून टाकल्या किंवा नाकारल्या. त्यात एक कोरियन शिल्प होतं. खुर्चीवर बसलेली मुलगी, शेजारी एक रिकामी खुर्ची. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यासाठी लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांचं स्मरण. त्या रिकाम्या खुर्चीवर कुणीही बसावं अशी योजना.

१ ऑगस्टला उघडलं, ३ ऑगस्टला बंद झालं. नागोयाचे महापौर स्वतः विरोधात उतरले. कार्यालयात फोनचा भडिमार, आणि पेट्रोल घेऊन येतो अशा धमकीचा फॅक्स. दोनच आठवड्यांपूर्वी क्योटोच्या अॅनिमेशन स्टुडिओला कुणीतरी पेट्रोल ओतून आग लावली होती, ३६ माणसं गेली होती. त्यामुळे ती धमकी कुणी हसण्यावारी नेऊ शकत नव्हतं. इथे मी आयोजकांना भित्रे म्हणणार नाही.

महत्त्वाचं पुढे घडलं. महोत्सवातल्या बऱ्याच कलाकारांनी निषेध म्हणून आपापली कामं झाकली किंवा बंद केली. आयचीचे राज्यपाल ओमुरा पुन्हा उघडण्याच्या बाजूने ठाम राहिले. केंद्र सरकारच्या संस्कृती खात्याने सुमारे ७.८ कोटी येनचं अनुदान रोखलं, पुढे थोडं कापून दिलं. आणि ८ ऑक्टोबरला दालन पुन्हा उघडलं. चिठ्ठी टाकून थोड्याथोड्या लोकांना प्रवेश. माझं नाव चिठ्ठीत निघालं नाही. बाहेरच्या लॉबीत नाव न निघालेले किती लोक शांतपणे उभे होते! त्यांच्यात विरोध करणारेही होते.

अरुणोदय
*Re: जपानमधला अनुभव*

मेघनाताई, निकालाचं सूत्र समजलं. सरकारने राग म्हणून पैसे काढू नयेत, इतपत मी येतो. देवीच्या बाबतीत मात्र माझं मन अजून तिथेच आहे.

पण शिरीषजींच्या प्रतिसादावरून नवा प्रश्न पडला. संचालक ताठ उभा राहतो, त्याचं नाव इतिहासात जातं. फोन कोण उचलतं? पंधरा हजारांवर कंत्राटी काम करणारा ऑपरेटर. दगड कुणाला लागतो? दारावरच्या वॉचमनला. २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा आत होते ते कर्मचारी आणि पोथ्या. ज्यांनी निर्णय घेतला नाही त्यांच्या जिवावर हे धाडस होतं, त्याचं काय?

शिरीष_नागोया

तुमचा हा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि नागोयात कलाकारांनी तो मनावर घेतला. पुन्हा उघडताना आकिरा ताकायामा या कलाकाराच्या पुढाकाराने त्यांनी स्वतःचं कॉल सेंटर काढलं. महोत्सवाबद्दल तक्रार करायचीय तर या नंबरवर करा, इथे कलाकार स्वतः फोन उचलतील. शेवटचा आठवडा त्यांनी पाळ्या लावून शिव्या ऐकल्या, उत्तरं दिली, वाद घातले. पहिल्या तीन दिवसांत जे कर्मचाऱ्यांनी सोसलं होतं ते त्यांनी आपल्या कानांवर घेतलं. मला त्या महोत्सवातलं सगळ्यात मोलाचं काम हेच वाटतं.

ग्रँटरोड_लोकल

मुंबईतलं अलीकडचं एक लिहितो, कारण त्यात चित्र कुणी उतरवलं नाही. ८ फेब्रुवारी २०१९, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, मुंबई. प्रभाकर बरव्यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचं उद्घाटन. वक्ते अमोल पालेकर. ते बोलता बोलता म्हणाले की या संग्रहालयाची स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती संपवली आहे, आणि आता कुणाचं प्रदर्शन व्हायचं ते दिल्लीतून ठरेल अशी भीती आहे. व्यासपीठावरूनच त्यांना मध्येच थांबवलं गेलं: फक्त बरव्यांबद्दल बोला. त्यांनी विचारलं की तुम्ही माझ्यावर सेन्सॉरशिप लावताय का? महिनाभरापूर्वीच यवतमाळच्या साहित्य संमेलनात नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झालं होतं, त्याचीही त्यांनी आठवण करून दिली. आणि भाषण आवरतं घेतलं.

मला यातला समितीचा मुद्दा सगळ्यात गंभीर वाटतो. काय लागणार हे ठरवणारी माणसंच बदलली की मग उतरवायला काही उरतच नाही. चांगल्या समितीची इतिवृत्तं छापून दारावर लावावीत, असं माझं मत.

अपूर्वा_जीडीआर्ट
*मदत हवी आहे*

मी कलामहाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे, जिल्ह्याचं ठिकाण आहे, नाव देत नाही. आमचं वार्षिक प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे. माझं एक काम पाळीवर आहे. घरातल्या कोपऱ्यात बसवलेली बाई, आणि समोर देवघर. ‘बघ, वगळता आलं तर’ असं मला तोंडी सांगितलंय. सर वाईट नाहीत, घाबरलेत. मी काय करू?

नलिनी_ठाणे

अपूर्वा, तुझ्यासाठी एक गोष्ट लिहिते. मे २००७, बडोद्याचं ललित कला महाविद्यालय. परीक्षेसाठी मांडलेल्या कामावरून चंद्रमोहन नावाच्या विद्यार्थ्याला बाहेरून आलेल्या लोकांच्या तक्रारीवर अटक झाली. मुलांनी निषेध म्हणून आपल्याच परंपरेतल्या शृंगारशिल्पांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन लावलं. विद्यापीठाने ते बंद करायला सांगितलं. प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांनी बंद करायला नकार दिला, आणि त्यांनाच निलंबित केलं गेलं. मी धाग्यात विचारलेल्या प्रश्नाचं आपल्याकडचं सगळ्यात जवळचं उत्तर हे आहे. संस्था उभी राहिली नाही, संस्थेतला एक माणूस राहिला. तुझ्या सरांकडून मी तेवढी अपेक्षा करणार नाही. पण त्यांना एकटं न पाडता काही करता येईल का ते बघू. वकीलसाहेब?

वकील_गारखेडा

अपूर्वा, घाई करू नकोस, भांडूही नकोस. चित्राबद्दल एक पान टिपण लिही: विषय काय, हे माध्यम का निवडलं, देवघर का आहे. त्यावर तारीख टाक. कुणा दोन जाणकारांकडून, शक्य असेल तर दुसऱ्या महाविद्यालयातल्या, चार-चार ओळींचं मत सहीसकट घे. कलमातला तो अपवाद उद्या लागलाच तर हेच कागद कामाला येतात. मग विभागप्रमुखांना अर्ज दे: माझं काम वगळायचं असल्यास कारणासह लेखी कळवावं, आणि निर्णय निवड समितीने बैठकीत घ्यावा. म्हणजे सर एकटे सापडत नाहीत. दारावर ‘काही कामं प्रौढ प्रेक्षकांसाठी’ अशी पाटी लावायला हरकत घेऊ नकोस, तो कमीपणा नाही. सिनसिनाटीनेही प्रवेशाला वयाची अट घातली होती.

अर्जाचा मसुदा मला व्यक्तिगत निरोपातून पाठव, रात्री बघून देतो. फी नाही.

दादरचा_फ्रेमवाला

आणि पोरी, चित्र टांगायला माणूस लागला तर सांग. मी येतो. हुक असे लावून देईन की एकट्याने पटकन काढता येणार नाहीत.

अरुणोदय

अपूर्वा, विषय मला अवघड जाणारा आहे, ते लपवत नाही. प्रदर्शनाची तारीख आणि गाव कळवलंस तर आईला घेऊन येईन. तिला काय वाटलं ते ती तुझ्यासमोरच सांगेल, तक्रारवहीत नाही.

अपूर्वा_जीडीआर्ट

वकीलकाका, मसुदा पाठवलाय. अरुणोदयकाका, व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. शनिवारी दुपारी चारनंतर या, सकाळी परीक्षक असतात.